खुर्ची मैदानाबाहेर ठेवून या

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: फुटबॉलमधला शासनाचा सहभाग, बुलढाणा जिल्ह्यातून पाहताना



पत्रावर आपलं नाव घातलेलं नाही, याचा राग मानू नये. डिसेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५ या एका वर्षात हे खातं तीन मंत्र्यांच्या हातांतून गेलं. आमच्याकडून निघालेला अर्ज मंत्रालयात पोहोचेपर्यंत टेबलामागचा माणूस बदललेला असतो. म्हणून पदालाच लिहितो आहे. जो कोणी त्या पदावर असेल त्याने स्वतःला उद्देशून वाचावं.

मी बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातला एक शाळामास्तर. कला आणि क्रीडा अशी दोन्ही ओझी एकाच पाठीवर घेतलेला, शाळेत फुटबॉल शिकवणारा. फुटबॉलमध्ये सरकारने किती शिरावं, यावर गेली काही वर्षं दिल्लीत आणि फिफाच्या झुरिकमध्ये मोठा वाद चालला आहे. त्या वादात आमच्यासारख्या जिल्ह्याला कुणी काही विचारलेलं नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

आधी तो वाद. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल, म्हणजे आपल्याच विदर्भातले, गोंदियाचे. त्यांची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, निवडणूक मात्र झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी बाजूला सारून प्रशासकांची समिती नेमली. ऑगस्टच्या मध्यावर फिफाने ‘तिसऱ्या पक्षाचा अवाजवी हस्तक्षेप’ असं कारण देऊन भारताला निलंबित केलं. न्यायालयाने समिती मागे घेतली आणि २६ ऑगस्टला निलंबन उठलं. दोन सप्टेंबरला निवडणूक होऊन कल्याण चौबे ३३ मतं मिळवून अध्यक्ष झाले. देशासाठी कित्येक वर्षं खेळलेल्या बायचुंग भुतियांना पडलं एक मत.

वर्तमानपत्रांनी हे सगळं खुर्च्यांच्या अंगाने लिहिलं. मला त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली आहे. निलंबनाच्या त्या दिवसांत गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना एकही सामना खेळू न देता परत पाठवलं गेलं. अध्यक्षपदाच्या भांडणात त्या कुठेच नव्हत्या, किंमत मात्र त्यांनी मोजली. आपल्याकडे फुटबॉलचा कारभार बिघडला की त्याचा पहिला फटका कुणाला बसतो, हे एवढ्यावरून कळावं.

त्यानंतर बरंच काही झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या महासंघाच्या घटनेला काही बदलांसह मान्यता दिली. डिसेंबरमध्ये इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीशी महासंघाचा असलेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार संपला, नवा बोलीदार काही मिळाला नाही, आणि लीग १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू होणार ही घोषणा शेवटी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना करावी लागली. सरकारने लांब राहावं की पुढे यावं, याचं उत्तर त्या पातळीवर अजून कुणाकडेच नसावं.

आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. बुलढाणा जिल्ह्यात मैदान तहसीलचं, नगरपालिकेचं किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचं. संकुल क्रीडा खात्याचं. स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी भरवणार. जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. प्रमाणपत्रावर शिक्का शासनाचा आणि मुलांना घेऊन जाणारी एसटीही शासनाची. खाजगी असं काही असेल तर ते मुलाच्या पायातले बूट, आणि तेही असले तर. तेव्हा सरकारने फुटबॉलमध्ये यावं का, हे विचारण्यात इथे अर्थ नाही. आमची तक्रार वेगळी आहे: जिथे सरकारची गरज आहे तिथे ते सापडत नाही, आणि जिथे गरज नाही तिथे मंडप घालून बसलेलं असतं.

मंडपापासूनच सुरुवात करतो. तालुक्याच्या गावचं मोठं मैदान वर्षभर कुणाचं तरी असतं. प्रचारसभा, दसऱ्याचं रावणदहन, दिवाळीचे फटाक्यांचे गाळे, कृषी प्रदर्शन, मोठा नेता येणार असेल तर हेलिपॅड. हेलिपॅडसाठी चुन्याने काढलेला मोठा ‘एच’ नेमका पेनल्टी एरियात आलेला मी पाहिला आहे. कार्यक्रम संपतो, मंडपवाला बांबू उपसून नेतो, खड्डे राहतात. खिळे राहतात, तारांचे तुकडे राहतात, खुर्च्यांच्या खाली पसरलेली खडी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं अनवाणी पायांनी तिथे उतरतात. कार्यक्रमाची परवानगी देताना तहसील अनामत रक्कम घेतं. ती परत करण्याआधी एखाद्या कारकुनाने मैदानावर चक्कर मारून खिळे वेचले आहेत का हे पाहावं, एवढी पहिली विनंती. याला निधी लागत नाही, शासननिर्णयही लागत नाही.

दुसरी गोष्ट मातीची, आणि ती पुण्यामुंबईच्या लोकांना समजावून सांगावी लागते. आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन तुकड्यांचा आहे. घाटाखाली पूर्णेचं खोरं, काळी कसदार जमीन आणि तिच्यात मोठा खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत जमिनीखालचं पाणी खारं. त्या पाण्यावर हिरवळ धरत नाही. उन्हाळ्यात जमिनीला इतक्या रुंद भेगा पडतात की धावणाऱ्या मुलाचा घोटा त्यात अडकतो. पावसाळ्यात तीच माती बुटाला किलोकिलोने चिकटते. इथे मैदान करायचं तर आधी निचऱ्याची चर, मग मुरूम, मग त्यावर पोयटा, आणि गोड्या पाण्याची सोय, असा क्रम लागतो. पण संकुलाचा आराखडा येतो तो राज्याला एकच: प्रवेशद्वार, बहुउद्देशीय सभागृह, व्यायामशाळा, आणि उरलेल्या जागेवर ‘क्रीडांगण सपाटीकरण’. सपाटीकरण झालेलं असतं, बिलही निघालेलं असतं. पहिल्या पावसात तळं होतं. पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे पावणेदोन एकरच. घाटाखाली एक आणि घाटावर एक, अशी दोनच मैदानं नीट निचरा काढून करून द्या. सभागृहं नंतर बांधली तरी चालतील.

आता वेळापत्रक. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, उरलेल्या महाराष्ट्राच्या एक-दोन आठवडे मागून. शालेय फुटबॉलमधल्या सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्या साधारण जुलैत. म्हणजे कोल्हापूर-पुण्याच्या मुलांचा सराव बसलेला असतो तेव्हा आमच्या मुलांच्या हातात नवी पुस्तकंसुद्धा पडलेली नसतात. त्यातच खरिपाची पेरणी, डवरणी. निम्मी पोरं शेतात. सामन्याच्या दिवशी संग्रामपूरच्या टोकावरचा संघ दोन एसट्या बदलून, राजूर घाट चढून बुलढाण्याला पोहोचतो तो दमलेला, आणि बाद फेरीची स्पर्धा म्हणून पन्नास मिनिटांत घरी परततो. एका वर्षाचा फुटबॉल पन्नास मिनिटांचा! बाद पद्धत ही अधिकाऱ्यांच्या सोयीची आहे, दोन दिवसांत फाइल बंद होते. तालुक्या-तालुक्यात छोटी साखळी घ्या. घाटाखालच्या तालुक्यांची फेरी मलकापूर-नांदुऱ्याकडे, घाटावरची चिखली-मेहकरकडे. मुलाला निदान चार-पाच सामने मिळू द्या. चार सामन्यांत पोरगा काय शिकतो ते वर्षभराच्या कवायतीत शिकत नाही, हे कुठलाही खेळणारा माणूस सांगेल.

शाळेला चेंडू देऊन मात्र सरकार मोकळं झालं आहे. १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार म्हणून १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर ‘मिशन वन मिलियन’ झालं, दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत चेंडू आले, फोटो निघाले, अहवाल गेले. पुढे केंद्राने फिफाच्या शालेय कार्यक्रमातून पुन्हा चेंडू वाटले. चेंडू मिळाले याबद्दल तक्रार नाही. पण बाभळीच्या काट्याने चेंडू बसला की तो दुरुस्त कुठे करायचा? हवा भरायला पंप कुठे, सुई कुठे? आणि शिकवणार कोण? पटसंख्येच्या निकषावर क्रीडाशिक्षकाचं पद उडवणारंही सरकार आणि त्याच शाळेला फुटबॉल पाठवणारंही सरकार, यातली विसंगती दोन्ही खात्यांनी एकत्र बसल्याशिवाय दिसायची नाही. हजार चेंडूंच्या पैशात तालुक्याला एक फिरता प्रशिक्षक वर्षभर नेमता येत असेल, तर चेंडू कमी पाठवा.

मुलींविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘समावेशन’ हा शब्द धोरणात फार येतो.

सुब्रतो चषकात मुलांसाठी दोन वयोगट आहेत, मुलींसाठी सतरा वर्षांखालचा एकच. तेरा वर्षांच्या मुलीने सोळा-सतराच्या मुलींशी टक्कर द्यायची किंवा बाकावर बसायचं. ती स्पर्धा हवाई दलाची संस्था चालवते, तुमच्या हातात नाही हे मान्य. पण जिल्हा-विभाग पातळीवर पंधरा वर्षांखालील मुलींची फेरी घ्यायला आपल्या खात्याला कुणी अडवलेलं नाही.

खरी अडचण त्याहून साधी आहे. खेड्यातली मुलगी शाळेत येते ती मानव विकास मिशनच्या निळ्या बसने. ही योजना उत्तम आहे. तिच्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक मुली आठवीच्या पुढे शिकल्या. पण शाळा सुटली की बस सुटते. सराव शाळा सुटल्यावर. म्हणजे बसने येणारी मुलगी फुटबॉल खेळूच शकत नाही, मग तिच्या पायात कितीही वेग असो. संघात राहतात त्या गावातल्या, शाळेजवळ घर असलेल्या मुली. आठवड्यातून दोन दिवस त्या बसची परतीची फेरी एक तास उशिरा ठेवली, तर माझ्या संघात दुप्पट मुली येतील. ह्या एका तासासाठी क्रीडा, नियोजन, शालेय शिक्षण आणि एसटी महामंडळ अशी चार दारं ठोठावावी लागतात. मास्तरच्या टाचा झिजतात, मंत्र्यांचा एक फोन पुरतो. तो करावा.

घरची माणसं काय म्हणतात ते तुम्हालाही ठाऊक असेल. ‘पोरीच्या जातीले कायले पाहिजे फुटबॉल?’ ह्या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. कपडे बदलायला बंद खोली आहे, शौचालयाला कडी आहे, संघाबरोबर बाई आहेत आणि मुलगी दिवेलागणीआधी घरी पोहोचते, हे बापाला दिसलं की तो प्रश्न आपोआप मऊ होतो. मी तसं होताना पाहिलं आहे.

मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात उर्दू शाळा बऱ्याच आहेत. तिथल्या मुलींना डोकं झाकून, पायभर लेगिंग्ज घालून खेळायचं असेल, तर नियम काय सांगतो? फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने मार्च २०१४ मध्येच डोक्यावरच्या आवरणाला परवानगी दिली. त्याआधी २०११ मध्ये इराणच्या मुलींना याच कारणावरून ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळू दिला नव्हता. त्यानंतर बरीच चर्चा होऊन नियम बदलला. फ्रान्समध्ये तिथला महासंघ अजूनही बंदीवर ठाम आहे, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उचलून धरली. आपण कुठल्या बाजूला आहोत? जिल्ह्याच्या मैदानावर हा निर्णय त्या दिवशीच्या पंचाच्या मनावर राहू नये. परिपत्रकात एक ओळ घाला की डोकं झाकून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून खेळता येईल. ज्या मुली आज नावच देत नाहीत, त्या देतील.

आणि सातपुड्याच्या पायथ्याची मुलं. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला कोरकू, भिलाला, निहाल समाजाच्या वस्त्या आहेत. डोंगर चढून-उतरून तयार झालेले पाय, दम असा की आमची गावातली पोरं मागे पडतात. पण आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याच्या, त्यांचं प्रकल्प कार्यालय अकोल्याला, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या. क्रीडा खात्याचा माणूस त्या स्पर्धांना फिरकत नाही, कारण त्या त्याच्या खात्याच्या नाहीत. झारखंडने काय केलं ते पाहावं. २०२२ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती गुमला जिल्ह्यातली अस्टम उराव. ती घडली हजारीबागच्या सरकारी निवासी केंद्रात. ती कर्णधार झाल्यावर सरकारने तिच्या गावात रस्ता बांधायला घेतला, आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते, अशी बातमी तेव्हा देशभर छापून आली. त्या बातमीत सरकारची दोन्ही रूपं आहेत: वसतिगृह वेळेवर देणारं आणि रस्ता फार उशिरा देणारं. आम्हाला पहिलं हवं आहे. आपल्याकडेही ते जमतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत घडलेला मुलगा. आश्रमशाळांच्या स्पर्धेला प्रबोधिनीचा एक निवडकर्ता दरवर्षी पाठवा, बाकी काही मागत नाही.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल लिहिताना हात जड होतो. मुलींच्या त्या विश्वचषकाच्या तयारीत, २०२२ च्या मध्यावर, भारतीय मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला युरोपच्या दौऱ्यातून गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावून काढून टाकण्यात आलं. मार्च २०२४ मध्ये महासंघाच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्याला महिला खेळाडूंना मारहाण केल्याच्या तक्रारीवरून गोव्यात अटक झाली. देशाच्या संघाबरोबर, कॅमेऱ्यांच्या समोर हे घडू शकतं, तर विभागीय स्पर्धेला अमरावतीला मुक्कामी गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचं काय? मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती सांगितली आहे. ती समिती शाळेच्या फाटकाशी थांबते. संघ मुक्कामी बाहेर पडला की तिचा अंमल संपतो, आणि धोका तिथेच सुरू होतो. म्हणून नियम असा करा: मुलींचा कुठलाही संघ शिक्षिकेशिवाय मुक्कामी जाणार नाही. बाईंचा प्रवासखर्च आणि भत्ता खातं देईल. तक्रारीचा क्रमांक संघाच्या ओळखपत्रामागे छापलेला असेल. नव्या राष्ट्रीय कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचं धोरण सक्तीचं आहे. ते दिल्लीहून बुलढाण्यापर्यंत झिरपायला किती वर्षं लागतील याची वाट पाहू नये.

वर्तणुकीवर बोलायचं तर आधी आमच्याच लोकांना बोलतो. शालेय सामन्यात सर्वांत जास्त शिवीगाळ मुलं करत नाहीत, त्यांचे मास्तर करतात. पंच गावातलाच कुणीतरी, मानधन किरकोळ, संरक्षण शून्य. जातीवरून, गावावरून, मुलगा हळू धावला तर ‘पोरगी आहेस काय’ असं, जे काही रेषेबाहेरून ओरडलं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. २०१९ पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. आमच्या जिल्ह्यात तसं कार्ड निघालेलं मला आठवत नाही, कारण तोच मास्तर उद्या पंचाच्या शाळेच्या सामन्याला पंच असतो. पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचं, ही २०२४ च्या युरो स्पर्धेत दिसलेली पद्धत शालेय स्पर्धांत लगेच लागू करता येईल. वयचोरीही याच खात्यात मोडते. सतरा वर्षांखालील संघात दाढी केलेला गडी उभा राहतो, दाखला पक्का असतो, सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी हरकत घेत नाही, कारण हरकत घेणाऱ्याच्या संघातही एखादा असतोच.

मोठ्या गावांचं म्हणाल, तर कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या शहरात समर्थकांच्या हुल्लडबाजीपायी सामने थांबवण्याची वेळ आलेली आहे. पण प्रेक्षकांना शिस्त शिकवण्याआधी डिसेंबर २०२५ आठवावा. मेस्सी कोलकात्यात आला, पुढाऱ्यांनी आणि मान्यवरांनी त्याला मैदानावर असं घेरलं की महागडी तिकिटं काढून बसलेल्यांना तो दिसलाच नाही. थोड्याच वेळात तो निघून गेला, मग बाटल्या आणि खुर्च्या उडाल्या, आयोजकाला अटक झाली, तिथल्या क्रीडामंत्र्यांना पद सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी आपल्या वानखेडेवर सगळं शिस्तीत झालं, याचं श्रेय शासनाला आहे. तरी तिथेही मध्येच सिनेकलावंतांचा सत्कार सुरू झाला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवलीच. लोक फुटबॉल पाहायला येतात. आमच्या तालुक्यातल्या चषकांच्या अंतिम सामन्याला मुलं उन्हात दोन तास उभी असतात आणि व्यासपीठावर हार-शाली चालू असतात, तेव्हा त्यांच्या मनातही तेच असतं, फक्त ती मास्तरांच्या धाकाने गप्प राहतात. शासनाच्या स्पर्धेत सत्कार सामन्यानंतर आणि दहा मिनिटांत, असा दंडक घालता येईल का?

वानखेडेवरच्या त्याच कार्यक्रमात शासनाच्या ‘महादेवा’ फुटबॉल प्रकल्पाच्या मुलामुलींची ओळख करून देण्यात आली. तेरा वर्षांखालील ३० मुलं आणि ३० मुली, पाच वर्षांची शिष्यवृत्ती. कल्पना चांगली आहे, मुलामुलींची संख्या सारखी ठेवली हे तर फारच चांगलं. हिशेब मात्र करून पाहा: राज्यात जिल्हे ३६, मुलं ६०. जिल्ह्यामागे दोनसुद्धा नाहीत. निवडलेल्यांना घडवण्याची योजना झाली, निवडले न गेलेल्यांचं काय? निवड न झालेला मुलगा चाचणीहून परत आला तेव्हा त्याला कुठे खेळायचं हे कुणी सांगितलं का? साठ मुलांचा शोध पुन्हा पुन्हा घ्यावा लागणारच आहे. ती कुठून येणार, तर ह्याच काळ्या मातीच्या, भेगाळलेल्या मैदानांवरून.

शेवटी संघटना. इथेच मला तुमचा हस्तक्षेप हवा आहे आणि इथेच तो जपून हवा आहे. जिल्हा संघटना हा प्रकार, कुठल्याही खेळाचा घ्या, बऱ्याचदा एका घराच्या बैठकीत चालतो. निवडणूक कधी झाली, मतदार क्लब कोणते, हिशेब कुठे पाहायचा, हे खेळाडूच्या पालकाला कळायला मार्ग नसतो. खाजगी संस्था आहे म्हणून सोडून द्यावं, तर त्यांच्या सहीच्या प्रमाणपत्रावर शासकीय नोकरीतलं पाच टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीचे वाढीव गुण अवलंबून आहेत. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचे घोटाळे राज्याने पाहिले आहेत. खुर्चीवर कोण बसावं हे तुम्ही ठरवू नका. तसं झालं की फिफा आहेच. पण ज्या संघटनेचं प्रमाणपत्र शासन मानतं, तिने संलग्न क्लबांची यादी, मागच्या निवडणुकीची तारीख, वार्षिक हिशेब आणि खेळवलेल्या प्रत्येक सामन्याची नोंद जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या फलकावर लावली पाहिजे, ही अट घालायला कुणाची हरकत असेल? राष्ट्रीय कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू बंधनकारक केले. जिल्ह्याला एक महिला आणि एक माजी खेळाडू तरी मागा.

खुर्चीला हात न लावता हिशेब मागायचा, हे इंग्लंडने केलं. २०१९ मध्ये बरी हा शंभराहून अधिक वर्षांचा क्लब कर्जापायी लीगमधून हद्दपार झाला, २०२१ मध्ये बड्या क्लबांनी सुपर लीगचा घाट घातला, चाहते रस्त्यावर आले. जुलै २०२५ मध्ये तिथे फुटबॉल प्रशासनाचा कायदा होऊन स्वतंत्र नियामक आला. तो क्लबांचे हिशेब तपासतो, मालक कोण आहे ते पाहतो, क्लबचं नाव-रंग बदलताना चाहत्यांना विचारायला लावतो. संघ निवडत नाही आणि चषक वाटायला जात नाही.

संघटनांशिवाय काम होत नाही असंही नाही. नागपूरला विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेल्या कामाला फिफाने २०१६ मध्ये विविधतेचा पुरस्कार दिला. त्यांच्यावरचा ‘झुंड’ चित्रपट पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण प्रत्येक जिल्ह्याने आपापला बारसे निघेल म्हणून वाट पाहायची, हे काही राज्याचं क्रीडाधोरण होऊ शकत नाही. आमच्या बुलढाण्याने तिरंदाजीत प्रथमेश जावकर दिला, २०२३ मध्ये शांघायला त्याने जगातल्या अव्वल तिरंदाजाला हरवून विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं. म्हणजे जिल्ह्यात माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये.

मागण्या बऱ्याच झाल्या. सगळ्या एकदम होणार नाहीत हे कळतं, म्हणून क्रम सांगून ठेवतो. यंदाच्या सत्रात निळ्या बसचा एक तास, मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका, आणि मैदानावरचे खिळे. पुढच्या सत्रात साखळी स्पर्धा आणि फलकावरचे हिशेब. मैदानाच्या निचऱ्याचं काम उन्हाळ्यात घ्यावं लागेल, त्याचं अंदाजपत्रक मार्चआधी मंजूर असलं पाहिजे, नाहीतर एक पावसाळा पुन्हा गेला. उत्तर मला पाठवायची गरज नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना पाठवा; त्यांच्या फलकावर लागलं की मी जाऊन वाचीन.

आपला,
घाटाखालचा एक क्रीडाशिक्षक
जि. बुलढाणा

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा क्रीडा परिषद, बुलढाणा. जिल्हा क्रीडा अधिकारी, बुलढाणा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, अकोला. विभाग नियंत्रक, राज्य परिवहन, बुलढाणा. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, कूपरेज, मुंबई.